ऑपरेशन किती तास चाललं?

बाबांच्या स्टेम सेल ट्रान्सप्लांटच्या संध्याकाळी मावशीचा फोन आला, हॅलो नाही की काही नाही, थेट "ऑपरेशन किती तास चाललं गं?" आता हिला काय सांगू, ऑपरेशन नव्हतंच! रक्त तयार करणाऱ्या पेशींची, म्हणजे स्टेम सेलची, टोमॅटोच्या साराच्या रंगाची एक छोटीशी पिशवी, सिस्टरने कोमट पाण्यात धरून वितळवली आणि गळ्याजवळच्या लाइनला सलाइनसारखी लटकवली. पंधरा-वीस मिनिटांत संपली पण. खोलीभर मात्र लसूण आणि उकडलेल्या मक्याच्या मधलाच कसलातरी वास, पेशी गोठवताना डीएमएसओ नावाचं रसायन घालतात त्याचा म्हणे, दुसऱ्या दिवशीपर्यंत बाबांच्या श्वासालाही येत होता.

बाबांना मायलोमा, म्हणजे एक प्रकारचा रक्ताचा कॅन्सर आहे, त्यामुळे पेशी त्यांच्या स्वतःच्याच. आधी इंजेक्शनं देऊन त्या हाडातून रक्तात आणल्या, मशीनने गोळा केल्या, गोठवल्या, मग मेल्फलान या केमोच्या औषधाचा जबरी डोस (तो चालू असताना बाबा तोंडात बर्फाचे खडे धरून बसलेले, तोंड येऊ नये म्हणून) आणि मग परत त्याच पेशी आत. माझं डोकं एकाच गोष्टीत अडकलं, शिरेत सोडलेल्या पेशीला कसं कळतं की आपल्याला कमरेच्या हाडात जायचंय?

डॉक्टरांना विचारलं, मग रात्री बसून वाचलं. मॅरोमधल्या (हाडाच्या आतल्या मगजातल्या) पेशी सीएक्ससीएल१२ नावाचा एक प्रोटीन सोडतात आणि स्टेम सेलवर तो ओळखणारा रिसेप्टर असतो, त्या ओढीने ती घरी पोचते. गंमत म्हणजे बाबांच्या पेशी पुरेशा निघेनात (वजनाच्या किलोमागे निदान २० लाख लागतात) तेव्हा दिलेलं महागडं प्लेरिक्साफॉर नेमकी हीच ओढ तोडतं! म्हणजे काढताना दोरी कापायची आणि परत सोडताना त्याच दोरीवर भरवसा ठेवायचा.

पण वाटेत गळती भरपूर. शिरेतून गेलेलं सगळं आधी फुप्फुसात जातं, बऱ्याच पेशी तिथेच अडकतात, काही लिव्हरमध्ये, काही प्लीहेत. बाबांसारख्यांना चालून जातं, पण बाळाच्या नाळेतल्या रक्तावर ट्रान्सप्लांट करायचं तर मुळात पेशीच मूठभर, तिथे ही गळती परवडत नाही. मग साधा विचार, सरळ हाडातच सुई घाला ना. इटलीतल्या फ्रासोनी यांच्या टीमने ते केलं, ३२ पेशंट, भूल देऊन नाळेतल्या पेशी थेट कमरेच्या हाडात, २००८ मध्ये छापून आलं, निकाल चांगले होते. मलाही वाचताना वाटलं की झालं, सुटला प्रश्न. पण १९९८ मध्येच स्वीडनमध्ये साध्या बोन मॅरोचं हाडात विरुद्ध शिरेत असं करून बघितलेलं, फरक काहीच पडला नव्हता. हाडात सोडलं तरी काही पेशी रक्तात निसटतातच, मॅरो म्हणजे काय बंद डबा नाही.

मला जास्त पटली ती दुसरी वाट, सुई शिरेतच ठेवायची आणि पेशीलाच तयार करून पाठवायचं. अमेरिकेत ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन या कॅन्सर हॉस्पिटलमध्ये नाळेतल्या पेशी फक्त अर्धा तास एका एन्झाइमसोबत ठेवल्या, त्यामुळे त्यांच्या अंगावर फ्युकोज नावाची साखर चिकटते आणि मॅरोतल्या रक्तवाहिनीच्या भिंतीला त्या नीट धरतात. २२ पेशंट, न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) यायला साधारण १७ दिवस, आधीच्या पेशंटना २६ लागायचे. तुलना जुन्या पेशंटशी आहे, समोरासमोरची चाचणी नाही, हे मान्य. पण ते नऊ दिवस काय असतात हे काचेबाहेर बसलेल्याला विचारा, रोज सकाळी रिपोर्ट, काऊंट शून्य, परत शून्य, आई गेटपाशी डबा घेऊन उभी आणि डबा आत न्यायला परवानगी नाही.

बाबांचा काऊंट अकराव्या दिवशी हलला. १००. तेराव्या दिवशी ५०० च्या वर. मावशीला कळवलं तर म्हणते, "म्हणजे टाके कधी काढणार?"