आमची वाटचाल : चादरीच्या मागापासून रजईच्या भरणापर्यंत

सोलापुरात थंडी अशी पडते किती, मग तुम्ही रजया कशाला करता, असं आम्हाला दर हंगामात कुणी ना कुणी विचारतंच. प्रश्न बरोबर आहे. डिसेंबर-जानेवारीत इथे रात्री १५ अंशांच्या आसपास तापमान असतं. गड्ड्याच्या जत्रेच्या सुमारास काही रात्री चांगल्या कडाक्याच्या जातात आणि शिवरात्र उलटली की घरोघरी पंखे फिरायला लागतात. पण आमचं सगळं गिऱ्हाईक सोलापूरचं नाही. निफाडकडचे द्राक्षबागायतदार आहेत, तिकडे पारा कधीकधी ५ अंशांच्या खाली उतरतो. महाबळेश्वर-पाचगणीचे लॉजवाले आहेत. शिकायला किंवा नोकरीला दिल्लीकडे निघालेली मुलं आहेत. या प्रत्येकाला वेगळी रजई लागते, आणि तो फरक वरच्या कापडात नसून आतल्या भरणात असतो. ते भरण समजून घेण्यातच आमच्या कारखान्याची निम्मी वर्षं गेली, आणि ती सत्कारणी लागली असं मला मनापासून वाटतं.

आम्ही मूळचे चादरवाले. घरचे पद्मशाली, पूर्वज तेलंगणातून विणकामासाठी इकडे आलेले. १८७०च्या दशकात इथे जुनी मिल उभी राहिली, मागोमाग इतर गिरण्या आल्या आणि त्यांच्या भोवती पेठापेठांत माग वाजू लागले. साखर पेठेत भाड्याच्या जागेत नायनांनी, म्हणजे वडिलांनी, दोन यंत्रमाग टाकले, तो आमचा प्रारंभ. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महाराजांचा रथ निघतो त्या दिवशी माग बंद, हा रिवाज आजही तसाच आहे. जॅकार्डची चादर म्हणजे जाड सूत, दुहेरी वीण, दोन्ही बाजूंनी नक्षी. एका बाजूला जो रंग फुलाचा, तोच दुसऱ्या बाजूला जमिनीचा. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा नायनांनी कारखान्यात पेढे वाटले होते.

पुढे बाजार पालटला. पॉलिस्टरची मिंक ब्लँकेटं गल्लोगल्ली मिळू लागली. हलकी, मऊ, गडद रंगांची. चादरीच्या ऑर्डरी घटल्या. त्या दिवसांत रजईचा विचार पहिल्यांदा अम्मानं मांडला. घरातल्या जुन्या चादरी एकावर एक अंथरून ती वाकळ शिवायची. तिचं म्हणणं असं, की एक जाड चादर घेऊन जेवढी ऊब लागत नाही तेवढी दोन पातळ चादरी एकत्र पांघरल्या की लागते. कारण साधं आहे. दोन थरांमध्ये हवा अडकते आणि थांबलेली हवा उष्णता सहजी बाहेर जाऊ देत नाही. कापूस, लोकर, फायबर (म्हणजे पॉलिस्टरचे तंतू), पिसं यांपैकी कशातच स्वतःची गरमी नसते. गरमी आपल्या अंगाची. ती किती हवेत आणि किती वेळ धरून ठेवायची, एवढंच भरणाचं काम. म्हणून दुकानात रजई नुसती हातात तोलून घेऊ नका. वजन म्हणजे ऊब नव्हे.

आमची पहिली रजई अर्थातच कापसाची. कापूस गिरणीत सुतासाठी निवडतात तो लांब धाग्याचा. भरणाला मात्र आखूड, जरा खरबरीत देशी कापूस जास्त चांगला, कारण तो दबल्यावर पुन्हा वर येतो. आमच्याकडे एक वयस्क पिंजारी कामाला होते. धनुकलीवर आयुष्य काढलेले, पुढे पिंजणयंत्रावर आले. कापूस आला की ते मूठभर उचलून गच्च दाबायचे, हात उघडायचे आणि नुसते बघत राहायचे. तो फुलून आला तर गाठ आत, चेपलेलाच राहिला तर परत. मग बोटांनी विस्कटून सरकीची टरफलं आणि काळी किट्टी शोधायची. तीच परीक्षा आम्ही आजही घेतो, आणि गिऱ्हाइकालाही हीच सांगतो. रजईचा कोपरा मुठीत दाबा, सोडा आणि ती किती लवकर उठते ते पाहा.

चादरीचं कापड थेट रजईला वापरता येत नाही, हेही इथेच सांगतो. त्याची वीण मोकळी असते, आतला कापूस तंतू-तंतूने बाहेर येतो. म्हणून आत घट्ट विणीच्या कॅम्ब्रिकची पिशवी, तिच्यात भरण, आणि वरून आमच्या मागावरची जॅकार्डची खोळ. खोळ काढून धुता येते. कापसाची रजई स्वतः पाण्यात घालायची नाही. कापूस भिजला की गोळा होतो आणि वाळायला दिवसच्या दिवस लागतात. तिला ऊन दाखवायचं. सोलापुरात उन्हाला तोटा नाही.

कापसाची मोठी जमेची बाजू म्हणजे घाम. माणूस झोपेत घाम सोडत असतो, कापूस तो शोषून घेतो आणि अंग चिकचिकत नाही. पॉलिस्टर जवळजवळ काहीच शोषत नाही. म्हणूनच आमच्याकडच्या हवेत फायबरची जाड रजई पांघरून माणूस मध्यरात्री जागा होतो, अंगावरून काढतो, गारठतो, पुन्हा ओढतो.

तरीही फायबरला नावं ठेवणं मला पटत नाही. चांगल्या फायबरचा प्रत्येक तंतू आतून पोकळ आणि पिळदार असतो, त्यामुळे थोड्या वजनात पुष्कळ हवा धरतो. यंत्रात धुता येतो, लवकर वाळतो. दमेकऱ्याला, ज्याला धूळ आणि कापसाची रुई सोसत नाही त्याला, आम्ही फायबरच देतो. सत्तरी ओलांडलेल्या आजींच्या अंगावर दोन-सव्वादोन किलोंची कापसाची रजई टाकली तर कूस बदलणं कठीण होतं, तिथेही फायबर बरा. एक मात्र, शेकोटी, शेगडी, विडी यांच्याजवळ नको. तो वितळतो आणि कातडीला चिकटतो.

फायबरच्या रजईवर जीएसएम लिहिलेलं असतं. एका चौरस मीटरमध्ये किती ग्रॅम भरण, इतकाच त्याचा अर्थ. ६० बाय ९० इंचांची सिंगल रजई साधारण साडेतीन चौरस मीटरची. म्हणजे २०० जीएसएमला आत ७०० ग्रॅमच्या आसपास फायबर हवा, ३०० जीएसएमला एक किलोच्या थोडं वर. घरी आणल्यावर काट्यावर ठेवा, कापडाचं वजन अंदाजाने वजा करा. हिशेब फारच हुकत असेल तर दुकानदाराला जाब विचारा.

लोकरीचं मला विशेष वाटतं. सांगोला, मंगळवेढा भागातले धनगर दख्खनी मेंढ्यांच्या लोकरीची घोंगडी विणतात, सुताला चिंचोक्याची खळ लावतात. ती लोकर राठ, घोंगडीला उत्तम, पण टोचते. रजईला मऊ लोकर लागते, ती आम्ही बाहेरून मागवतो. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास तिसऱ्या हिश्शाइतका ओलावा पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही. थंडीत गरम, आणि उकाडा वाढला तर घुसमट नाही. पण महाग, कसरीची भीती, आणि गरम पाण्यात चोळली की तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकून ती आटते. कडुनिंबाचा वाळलेला पाला किंवा डांबरगोळ्या घालून ठेवावी लागते.

एका व्यापाऱ्याने एकदा शुद्ध लोकर म्हणून गाठ पाठवली. चिमूटभर तंतू चिमट्यात धरून काडी लावली. खरी लोकर जळताना केस जळाल्याचा वास येतो आणि मागे चुरगळणारी काळी राख राहते. कापूस कागदासारखा जळतो, राख करडी. त्या गाठीतल्या तंतूंचा वितळून टणक मणी झाला. गाठ परत गेली, त्या माणसाशी व्यवहार संपला. ही परीक्षा घरीही करता येते, फक्त सिंकजवळ करा आणि मुलांना लांब ठेवा.

पिसांच्या रजया आम्ही करत नाही. वजनाच्या मानाने ऊब त्यांच्याइतकी कशातच नाही, बर्फाच्या मुलखात त्याच हव्यात. पण त्या भिजल्या की बसतात, आणि माळकरी गिऱ्हाईक पिसं अंगावर घ्यायला तयार नसतं. रेशमाच्या भरणाला इथे मागणी नाही.

शिलाईकडे मात्र जरूर बघा, तिथे फार लोक दुर्लक्ष करतात. जिथून सुई जाते तिथे भरण चेपतं आणि त्या रेषेतून गारवा आत येतो. टाके फार जवळ असले तर रजई चपटी, फार लांब असले तर महिन्याभरात भरण एका टोकाला. आमच्या बायका कापसाला हातानेच टाका घालतात, मधून सुरुवात करून कडेकडे जातात, म्हणजे कापूस मध्ये गोळा होत नाही. वसुबारसेपासून संक्रांतीपर्यंत त्यांच्या हाताला उसंत नसते. रजईच्या किमतीतला बराच भाग त्या टाक्यांचा आहे आणि त्यात मी घासाघीस करू देत नाही.

मग घ्यावी कोणती? सोलापूर, पंढरपूर, लातूर या पट्ट्यात दीड किलो कापसाची पातळ रजई, किंवा नुसती चादर आणि जोडीला एक घोंगडी. निफाड-नाशिककडे भरगच्च कापूस किंवा ३०० जीएसएम फायबर. दिल्लीच्या हॉस्टेलला फायबर, कारण तिथे कापसाला ऊन दाखवणार कोण? परवडत असेल आणि नीट सांभाळणार असाल तर कुठेही लोकर. तान्ह्या बाळासाठी कुणी जाड रजई मागितली तर आम्ही देत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाच्या अंगावर सैल, जड पांघरूण धोक्याचं, त्याला अंगभर कपडेच घालावेत.

जुन्या रजया पिंजून नव्याने भरून देण्याचं कामही आम्ही घेतो. बसलेला कापूस टाकून देऊ नका. पिंजला की त्यातला बहुतेक पुन्हा कामाला येतो, थोडा नवा मिसळावा लागतो. रजई नवरात्राच्या आधी आणून द्या. दिवाळीनंतर यंत्रावर रांग लागते, आणि घाईत पिंजलेला कापूस मी कुणाच्या हातात देणार नाही.