तुम्ही विचारलंत म्हणून: न खेळलेल्या पॉइंट गार्डचं एवढं कौतुक कशाला?

पर्ड्यू विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाला नवा पॉइंट गार्ड (बॉल पुढे नेऊन चाल लावणारा खेळाडू) मिळाला की इथे इंडियानात, वेस्ट लाफायेटला शिकायला आलेली मराठी मुलं, त्यांना भेटायला आलेले आईबाप, गणपतीच्या जेवणाला शेजारी बसलेले, सगळे एकच विचारतात. अठरा वर्षांचं पोर, कॉलेजचा मिनिटभर सामना खेळलेलं नाही, आणि तुम्ही बारसं असल्यासारखे पेढे काय वाटता? त्यालाच जोडून दुसरा प्रश्न: उद्या कुणी जास्त पैसे दिले की जाणारच ना तो?

‘वेडच आहे आमचं’ असं म्हणून आजवर वेळ मारून नेली. पण या कौतुकामागे हिशोब आहे. तो पुरता जुळत नाही, तेही पुढे येईलच.

सेंटरची, म्हणजे रिंगपाशी खेळणाऱ्या उंच माणसाची, निदान उंची तरी दिसते. आमचा झॅक एडी सात फूट चार इंच होता, हे कळायला बास्केटबॉल कळावं लागत नाही. पॉइंट गार्डचं काम त्याच्या अंगावर दिसत नाही. कॉलेजच्या खेळात दहा सेकंदांत मध्यरेषा ओलांडायची आणि तीस सेकंदांच्या आत शॉट घ्यायचा. समोरच्यांनी पूर्ण कोर्टभर दाबून धरलं तर पलीकडे जाऊन चाल लावेपर्यंत घड्याळात वीसेक उरतात. मग सेंटर येऊन स्क्रीन लावतो, म्हणजे गार्डला अडवणाऱ्याच्या वाटेत उभा राहतो. त्याच्या खांद्याला खांदा घासून निघताना, एका ड्रिबलमध्ये, गार्डला ओळखायचं असतं की समोरच्यांचा उंच माणूस काय करतोय. तो मागे रिंगपाशी थांबला असेल तर फ्री थ्रो रेषेजवळचा शॉट मोकळा आहे. तो बाहेर अंगावर आला असेल तर स्क्रीन सोडून रिंगकडे वळलेल्या आपल्या सेंटरला दोघांच्या मधून टप्प्याचा पास द्यायचा. आणि त्या सेंटरला अडवायला पलीकडच्या कोपऱ्यातला बचावपटू आत सरकला, तर पास थेट त्या रिकाम्या कोपऱ्यात, कोर्टाच्या या बाजूकडून त्या बाजूला. हा तिसरा पास अर्धा सेकंद उशिरा सुटला की मध्येच उचलला जातो आणि दुसऱ्या टोकाला समोरच्यांचा मोकळा ले-अप, रिंगखालचा सोपा शॉट. पहिल्या दोन गोष्टी नवखे गार्डही वाचतात. तिसरी बहुतेकांना दिसते, पण ड्रिबल थांबवून बॉल दोन हातांत धरल्यावर, म्हणजे उशिरा. ज्याला तो पास ड्रिबल चालू असताना एका हाताने टाकता येतो, पेढे त्याच्यासाठी.

हे तीन मिनिटांच्या हायलाइटमध्ये सापडत नाही. तिथे सगळे डंक आणि लांबचे शॉट. बघायचा तो पूर्ण सामना, शक्यतो हरलेला. शाळेचे आकडे जरा हातचे राखूनच घ्यावे लागतात: सामना ३२ मिनिटांचा, तीन गुणांची रेषा १९ फूट ९ इंचांवर, कॉलेजला ४० मिनिटं आणि २२ फूट पावणेदोन इंच. आमचा ब्रेडन स्मिथ वेस्टफील्डला शाळेत खेळत होता तेव्हा इंडियानाच्या शालेय सामन्यांत शॉट क्लॉकच नव्हतं. गार्डने हवं तितका वेळ बॉल आपटत बसावं. शाळेतल्या असिस्टनाही फार अर्थ नसतो, कारण पास कितीही सुंदर असला तरी बाजूच्या मुलाने बास्केट केलं तरच तो मोजला जातो. त्यापेक्षा टर्नओव्हर, म्हणजे हातचे घालवलेले बॉल, कसले ते बघावं. पाय घसरून, बॉल पायावर आपटून गेलेले असतील तर काळजी. कुणालाच न दिसलेला पास टाकायला जाऊन गेलेले असतील तर ती चांगली खूण, कारण ते कमी करणं कोचला शिकवता येतं. दिसणं शिकवता येत नाही. शॉट कसा आहे ते ठरवायला फ्री थ्रोची (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटची) टक्केवारी पाहा. तीन-गुणी शॉट शाळेत इतके थोडे असतात की आठ-दहा इकडेतिकडे झाले तरी टक्केवारी बदलते.

आणखी एक. मुलाने तोंडी होकार दिला तरी कागदावर सही होईपर्यंत कोचला त्याच्याबद्दल जाहीरपणे बोलता येत नाही, तसा एनसीएएचा (अमेरिकेतले कॉलेजचे खेळ चालवणाऱ्या संस्थेचा) नियम आहे. ती शांतता चाहते भरून काढतात, म्हणून आमचा आवाज जरा जास्तच येतो. मात्र होकाराआधी मुलाला किंवा त्याच्या घरच्यांना परस्पर मेसेज करून गळ घालू नये. अडचणीत विद्यापीठ येतं.

आता दुखऱ्या जागेकडे. ३० मार्च २०१९, लुइव्हिल. १९८० नंतर पर्ड्यू एकदाही फायनल फोरला (राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चार संघांत) गेलं नव्हतं आणि समोर व्हर्जिनिया. आमच्या कार्सन एडवर्ड्सने त्या रात्री ४२ गुण केले, दहा तीन-गुणी शॉट मारले. ५.९ सेकंद उरले होते, आम्ही ७०-६७ पुढे, व्हर्जिनियाचा टाय जेरोम फ्री थ्रो रेषेवर. पहिला आत. दुसरा चुकला. गर्दीत त्यांच्याच मामादी डियाकिटेला बॉल धरता आला नाही, त्याने तो नुसता मागे थोपटला, आणि बॉल टप्पे खात मध्यरेषेपार, व्हर्जिनियाच्याच अर्ध्यात गेला. (इथे दर वेळी कुणीतरी विचारतं, बॉल मागे गेला म्हणजे नियमभंग नाही का? नाही. चुकलेल्या फ्री थ्रोनंतर तो अजून कुणाच्याच ताब्यात आला नव्हता. मागे जाऊन उचलणं नियमात बसतं.)

त्या बॉलमागे धावला किहेइ क्लार्क. पहिल्या वर्षाचा पॉइंट गार्ड, पाच फूट नऊ इंच. आधी त्याचं यूसी डेव्हिसला जायचं ठरलं होतं, म्हणजे मोठ्या संघांच्या रांगा त्याच्या दारी लागलेल्या नव्हत्या. बॉल उचलला तेव्हा रिंग पार पलीकडच्या टोकाला आणि घड्याळात मोजून काही क्षण. जवळच जेरोम उभा राहून बॉल मागत होता. तिथे बहुतेक गार्ड दोनांतलं एक करतात: जवळच्या, अनुभवी माणसाला बॉल देऊन मोकळे होतात, नाहीतर होते तिथूनच फेकून देवावर हवाला ठेवतात. जेरोमला दिला असता तर त्याला वळून फार लांबून मारावा लागला असता. क्लार्कने मान वर करून जेरोमच्या पलीकडे बघितलं. डियाकिटे रिंगच्या अलीकडे दहा-बारा फुटांवर उभा होता, आणि आमची सगळी माणसं रिबाउंडला झेपावल्यामुळे तो आणि क्लार्क यांच्यामधली वाट मोकळी होती. पास तिथे. उंच, लोंबता पास टाकला असता तर बॉल हवेत असतानाच वेळ संपला असता. डियाकिटेच्या छातीपासून लांब मारला असता तर त्याला पुढे वाकून घ्यावा लागला असता आणि उठून शॉट मारायला सवड मिळाली नसती. पास असा आला की पकडणं आणि सोडणं ही एकच हालचाल झाली. भोंगा वाजला तेव्हा बॉल हवेत होता. ७०-७०. जादा वेळेत ८०-७५ने आम्ही हरलो आणि नऊ दिवसांनी व्हर्जिनियाने टेक्सस टेकला हरवून विजेतेपद घेतलं.

डियाकिटेच्या शॉटची चित्रफीत सगळे दाखवतात. ती त्याआधीच्या दोन सेकंदांवर थांबवून बघा. त्या दोन सेकंदांत क्लार्कने जे केलं ते मोजणारा आकडा कुठल्याच भरती-यादीत नाही. त्या यादीत मुलाला मिळालेले तारे तीन असोत की पाच, ते उंची, उडी, वेग आणि शॉट यांचे असतात. म्हणून नवा पोरगा आला की आम्ही त्याच्या जुन्या सामन्यांत तेच धुंडाळत बसतो, आणि थोडंसं सापडलं तरी हुरळतो. कबूल.

हा पास बरीच वर्षं आमचा हुकमी पुरावा होता. मग १६ मार्च २०२३ आला. व्हर्जिनिया फर्मनविरुद्ध ६७-६५ पुढे, काहीच सेकंद बाकी, बॉल पुन्हा क्लार्कच्या हातात. आता तो पाचव्या वर्षात. स्वतःच्या बाजूच्या कोपऱ्यात त्याला दोघांनी कोंडलं आणि त्याने बॉल लांब पुढे भिरकावला. तो फर्मनच्या हातात पडला, लगेच पलटून जेपी पेग्जने तीन गुणांचा शॉट मारला आणि व्हर्जिनिया ६८-६७ने घरी गेलं. माणूस तोच, लांब पास टाकायचं धाडस तेच, अनुभव मात्र चार वर्षांनी जास्त. तेव्हा ‘शांत डोक्याचा गार्ड’ असं आम्ही कुणाला म्हणतो, त्याला तुम्ही हसलात तरी माझ्याकडे चोख उत्तर नाही.

दुसऱ्याच दिवशी आमची पाळी. कोलंबसला फेअरली डिकिन्सन, गटातलं सोळावं म्हणजे शेवटचं मानांकन, देशातल्या ३६३ संघांत सरासरीने सर्वांत बुटका. आमचं मानांकन पहिलं. हरलो ६३-५८. एडीने २१ गुण आणि १५ रिबाउंड केले, पण त्याच्या पुढे एक आणि मागे एक असे दोन जण उभे राहिले, गार्डांना पूर्ण कोर्टभर अंगाला चिकटून दमवलं गेलं. पुढून अडवलेल्या सेंटरला बॉल द्यायचा तर त्याच्या डोक्यावरून, रिंगच्या बाजूला, बेताच्या उंचीचा पास लागतो. मागे दुसरा टपून असला की तोही बंद. अशा वेळी उत्तर एकच, बाहेरचे शॉट घालून त्या दुसऱ्याला बाहेर ओढायचं. आम्ही २६ तीन-गुणी मारले आणि ५ घातले. १६ टर्नओव्हर. बॉल सांभाळायला पहिल्या वर्षाचे दोघे, ब्रेडन स्मिथ आणि फ्लेचर लॉयर.

स्मिथ राज्याचा ‘मिस्टर बास्केटबॉल’, म्हणजे सर्वोत्तम शालेय खेळाडू, होऊन आला होता. पण त्याआधीची गोष्ट सोडून चालणार नाही. २०२२च्या एप्रिलात इंडियानापोलिसचाच नायजेल पॅक कॅन्सस स्टेट सोडून निघाला तेव्हा आमचे डोळे त्याच्याकडे होते. तो मायामीला गेला. तिथल्या एका उद्योजकाने दोन वर्षांचे आठ लाख डॉलर आणि एक गाडी असा करार जाहीर केला. पुढच्याच मोसमात मायामी फायनल फोरला. दोन नवख्यांच्या हाती बॉल देणं हा जुगार आहे, असं तेव्हा ठासून सांगणाऱ्यांत मीही. फेअरली डिकिन्सनच्या रात्री ते मत खरं ठरलं. मग पहिल्या वर्षी सामन्याला ४.४ असिस्ट देणारा स्मिथ दुसऱ्या वर्षी ७.५वर गेला, पर्ड्यू ४४ वर्षांनी फायनल फोरला पोचलं, अंतिम सामन्यात कनेटिकटकडून ७५-६०ने हरलं, आणि २०२५ला तो बिग टेनचा (पर्ड्यू ज्या साखळीत खेळतं तिचा) सर्वोत्तम खेळाडू झाला. मत खोटं ठरलं म्हणावं, तर त्याच्या शेजारी दुसऱ्या वर्षी लान्स जोन्स हा सदर्न इलिनॉयहून आणलेला, मुरलेला गार्ड होता. पूर्ण कोर्टाचा दाब आला की बॉल वर न्यायला दुसरा हात मिळाला. त्यामुळे कोण चूक होतं हे मला आजही ठरवता येत नाही.

राहिला पैशाचा प्रश्न. हो, जातात. २०२१पासून खेळाडू स्वतःच्या नावावर कमवू शकतात आणि २०२५च्या जुलैपासून विद्यापीठंच त्यांना थेट पैसे देतात, सगळे खेळ मिळून पहिल्या वर्षी (२०२५-२६) सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. संघ बदलला तरी आता वर्षभर बसावं लागत नाही. पॉइंट गार्ड खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो तो दुसऱ्या वर्षापासून, आणि त्याची बाजारातली किंमत चढते तीही पहिलं वर्ष संपतानाच. शिकवायचा खर्च एकाने करायचा, फळ दुसऱ्याने खायचं, असं होऊ शकतं. हे तुमचं म्हणणं खोडून काढायचा प्रयत्नही मी करत नाही. उलट त्यात भर घालतो: संघात जागा पंधरा, बॉल एक. नव्याचं आम्ही जितक्या मोठ्याने स्वागत करू तितक्या लवकर बाकावर बसलेला दुसऱ्या वर्षाचा गार्ड दुसरं विद्यापीठ शोधायला लागतो, आणि जानेवारीत नव्याचा घोटा मुरगळला की त्याचीच आठवण येते.

तरीही बघायचंच असेल तर नोव्हेंबरातले मॅकी अरेनातले, म्हणजे आमच्या घरच्या मैदानावरचे, पहिले सामने सोडा. समोर बरेचदा दुबळे संघ असतात. बाहेरगावचा पहिला बिग टेन सामना लावा. समोरच्यांनी पूर्ण कोर्ट दाबला की नवा गार्ड ड्रिबल कुठे संपवतो एवढंच मोजा. मध्यरेषा ओलांडल्या ओलांडल्या, कडेला संपवला तर एका बाजूला रेषा, मागे मध्यरेषा, पुढे दोन बचावपटू, बॉल जाणार. दोन पावलं मागे हटून, मधल्या पट्ट्यात, ड्रिबल जिवंत ठेवून थांबला तर सामन्याचा निकाल काहीही लागो, फोन करा. तेव्हा वाद घालू.