काचेवर टकटक झाली तेव्हा
पक्षाघातानंतर मला वाचाघात झाला. शब्द मनात तयार असतो, ओठांवर येत नाही. डॉक्टरांनी पुन्हा गाडी चालवायची परवानगी दिली आणि एकदा पोलिसाने थांबवलं. "नाव काय?" माझं नुसतंच "न... न..." तो वाकून तोंडाचा वास घेऊ लागला. मी घाईने कप्प्याकडे हात नेला, तर तो दचकून मागे सरकला. भीती दोघांनाही वाटली होती.

अमेरिकेत कनेटिकटमध्ये २०२० पासून स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) चालकांना पोलिसाने थांबवल्यावर दाखवायला निळं पाकीट मिळतं. आत कागदपत्रं, बाहेर पोलीस आणि चालक दोघांसाठी सूचना. किती साधी गोष्ट!

आता स्टिअरिंगजवळच कार्ड लावलंय: 'मला वाचाघात आहे. प्यायलेलो नाही. एका वेळी एकच, हो-नाही उत्तराचा प्रश्न विचारा. थोडं थांबा.' शेवटचे दोन शब्द मुलीने लाल शाईने अधोरेखित केलेत.