'जून' बसवताना : नववा आठवडा

या रविवारी बारकारोल, म्हणजे नावाड्याच्या गाण्याच्या चालीची माझी पियानोरचना, पहिल्यांदा न अडखळता शेवटपर्यंत गेली. मेट्रोनोम (लय मोजणारं यंत्र) मिनिटाला ६६ ठोक्यांवर. मधला वेगवान भाग अजून कच्चा आहे, पण तो हात बसला की येईल.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: जूनच्या शेवटच्या रविवारी वांद्र्याला मिसच्या, म्हणजे माझ्या पियानोच्या बाईंच्या, घरी आम्ही सहा जण बैठक करतोय. सगळ्या रचना समलिंगी संगीतकारांच्या. माझ्या वाट्याला रशियन संगीतकार चायकोव्स्कीच्या 'ऋतू'मधला 'जून' आलाय, तीच ही बारकारोल. १८७६ साली पीटर्सबर्गच्या एका मासिकात दर महिन्याला एक अशा या बारा रचना छापून आल्या.

सुरावट डी या पाश्चात्त्य स्वरावरून चढते. जी या स्वराला सा मानलं, तर प, शुद्ध ध, शुद्ध नी, सा, रे आणि मग कोमल ग. लहानपणी पटदीप राग ऐकलेला माणूस त्या कोमल गंधारावर थांबणारच. मी थांबतो, आणि मिस दर वेळी सांगतात, "नाव चालू आहे, वल्हं थांबवू नकोस." डाव्या हाताचे झोके आता पाण्यासारखे येऊ लागलेत.

अडचण वेगळीच निघाली. घरी परळला डिजिटल पियानोवर हेडफोन लावून रियाज होतो, तिथे सगळं सुरळीत. मिसच्या जुन्या पियानोवर मात्र मधल्या डीची पट्टी दाबली की वर यायला वेळ घेत होती, आणि सुरावट तिथूनच सुरू होते! दमट हवेने पट्टीच्या भोकातलं फेल्ट फुगलं होतं. ट्यूनरकाकांनी पकडीने ते हलकेच दाबून दिलं. दहा मिनिटांचं काम. त्यानंतरचा पहिला डी मी कितीतरी वेळ नुसताच वाजवत बसलो.

याच १८७६ साली चायकोव्स्कीने धाकट्या भावाला, मोदेस्तला, लग्न करायचं ठरवल्याचं लिहिलं. मोदेस्तही त्याच्यासारखाच समलिंगी, त्यामुळे त्याच्यापाशी लपवण्यासारखं काही नव्हतं. पुढच्या वर्षी लग्न झालं आणि काही आठवड्यांत मोडलं. सोव्हिएत काळात पत्रं छापताना त्यातले असे उल्लेख गाळले गेले. मागच्या वर्षी एका कार्यक्रमात आयोजकांनी माझ्या निवेदनातलं याबद्दलचं वाक्यही असंच काढायला लावलं होतं. आपण मींड गाळत नाही, घराणं सांगायला विसरत नाही, मग माणूस का गाळायचा? यंदा ते वाक्य राहणार.

आमचा टेनर (उंच पट्टीचा पुरुष गायक) इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटनने चाल दिलेली मायकेलअँजेलोची सुनीतं गातोय, साथीला मी. ब्रिटनने ती १९४० मध्ये गायक पीटर पिअर्ससाठी स्वरबद्ध केली आणि १९४२ ला लंडनच्या विगमोर हॉलमध्ये दोघांनी मिळून सादर केली. एका पुरुषाने पुरुषासाठी लिहिलेल्या प्रेमकविता, तेही इंग्लंडमध्ये असं नातं गुन्हा असताना. तो कायदा बदलला १९६७ ला. आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८. त्या संध्याकाळी मी आणि माझा जोडीदार शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर हातात हात घेऊन बसलो होतो. ते आठवून या वेळी टेनर 'आता तालीम पुरे' म्हणाला तरी मी पुन्हा पहिल्या सुनीतापासून साथ धरली.

ब्रिटन आणि पिअर्स ऑल्डबरोच्या चर्चच्या आवारात शेजारी शेजारी पुरलेले आहेत. परिचयाच्या मसुद्यात सवयीने 'जिवलग मित्र' असं लिहिलं गेलं होतं. मिसने पेन्सिलीने खोडून वर 'जोडीदार' लिहिलं आणि कागद पियानोवर ठेवला.

पुढच्या रविवारी 'जून'च्या मधल्या भागाच्या शेवटचे पसरलेले कॉर्ड, म्हणजे एकेक स्वर सुटा करून वाजवायचे स्वरसमूह. तंबोरा छेडतात तशी एकेक तार सुटी ऐकू यायला हवी.