आमची वाटचाल : अकरावे काडतूस

माझे बालपण वरणगावच्या आयुध निर्माणीच्या वसाहतीत गेले. वडील तेथे काडतुसांच्या तपासणीच्या कामावर होते, त्यामुळे आजचा माल पास झाला की परत गेला, ही चौकशी आमच्या घरी रोज जेवणाच्या ताटावर होत असे. पुढे मी यंत्र अभियांत्रिकी शिकून अमेरिकेत आलो, यंत्रभागांच्या कारखान्यात बरीच वर्षे नोकरी केली आणि २०११ साली पत्नीच्या पाठबळावर पेन्सिल्व्हेनियातील ईस्टन येथे शिकार व नेमबाजीच्या सामानाचे छोटे दुकान काढले. जागा घेताना आम्ही भाडे पाहिले आणि गाड्या उभ्या करण्याची सोय पाहिली. डेलावेअर नदीवरचा पूल ओलांडला की फिलिप्सबर्ग, म्हणजे न्यू जर्सी राज्य लागते, ही आम्हाला तेव्हा केवळ जास्तीच्या गिऱ्हाइकांची सोय वाटली होती.

पेन्सिल्व्हेनियात रायफलीच्या मॅगझिनमध्ये, म्हणजे काडतुसे भरून रायफलीला जोडायच्या पेटीत, किती काडतुसे मावावीत याला राज्याची मर्यादा नाही. शेजारचे चित्र मात्र निराळे आहे. न्यू जर्सी, न्यूयॉर्क आणि मेरीलँड येथे आज १० ची मर्यादा आहे, डेलावेअरमध्ये २०२२ पासून १७ ची आहे, तर ओहायो आणि वेस्ट व्हर्जिनियात ती नाहीच. त्यातही मेरीलँडचा कायदा मुख्यतः खरेदी-विक्री आणि हस्तांतरावर बोट ठेवतो, तर न्यू जर्सीत मोठे मॅगझिन नुसते जवळ बाळगणे हाच गुन्हा ठरतो. रायफल विकताना फॉर्म भरावा लागतो आणि पार्श्वभूमीची तपासणी होते. रिकामे मॅगझिन मात्र संघराज्याच्या कायद्याच्या दृष्टीने बंदूक नव्हे, म्हणून ते बुटांच्या जोडासारखे टपालाने जाऊ शकते, आणि चुका नेमक्या तेथेच होतात. १९९४ चा संघराज्याचा दहाचा नियम १३ सप्टेंबर २००४ रोजी संपला, तेव्हा सगळीकडचीच मर्यादा उठली असे समजणारे गिऱ्हाईक आजही आठवड्याला एखादे भेटते.

आमची पहिली मोठी चूक २०१४ सालची. तेव्हा न्यू जर्सीत १५ ची मर्यादा होती. एका गिऱ्हाइकाने फोनवरून तिसाची चार मॅगझिने मागवली. बिलाचा पत्ता पेन्सिल्व्हेनियाचा होता, माल मात्र नदीपलीकडे त्याच्या मुलाच्या घरी पाठवायचा होता, आणि मी केवळ वरचा पत्ता वाचून खोके बांधून टाकले. त्या भल्या माणसाने पाकीट न फोडता स्वतः आणून दिले आणि काउंटरवर ठेवून एवढेच म्हणाला की हे तुमच्याकडेच राहू द्या. त्या संध्याकाळी पत्नीने बिलाच्या पुस्तकात माल जिथे जायचा त्या राज्याचा वेगळा रकाना आखला. तो भरल्याशिवाय आमच्याकडे आजही पावती फाडली जात नाही.

१३ जून २०१८ रोजी न्यू जर्सीने मर्यादा १५ वरून १० वर आणली आणि जुन्या मॅगझिनांची क्षमता कायमची कमी करून घेण्यास, ती निकामी करण्यास किंवा देऊन टाकण्यास १८० दिवस दिले. ते सहा महिने आमच्या दुकानाने पाहिलेला सर्वांत कष्टाचा काळ होय. तिसाच्या सांगाड्यात पंधराच मावतील असा अडथळा बसवलेली मॅगझिने घेऊन लोक रांगेने येत आणि ती दहाची करून मागत. .२२ रिमफायर या बारीक काडतुसाच्या, रायफलीलाच जोडलेल्या नळीसारख्या मॅगझिनात काडतुसे भरायच्या रायफली या नियमातून वगळलेल्या होत्या, हे समजावताना मात्र आनंद होत असे, कारण आजोबांची रायफल जाणार या धास्तीने आलेला माणूस हसत परत जाई.

याच काळात माल पारखण्याची आमची रीत पक्की झाली. एका घाऊक व्यापाऱ्याकडून आलेल्या, वेष्टनावर दहा असे छापलेल्या मॅगझिनांपैकी एक मी सहज बाकावर उघडले, तर तळाचे झाकण सरकताच आतली जागा अडवणारा प्लास्टिकचा ठोकळा माझ्या तळहातावर येऊन पडला. त्याला कायमचे जखडणारे रिव्हेट नव्हते की एपॉक्सीचा गोंद नव्हता. सगळा माल त्याच दिवशी परत गेला. दुसरी परीक्षा अकराव्या काडतुसाची आहे. बोल्ट (काडतूस पुढे ढकलून नळी मागून बंद करणारा भाग) बंद असताना भरलेले मॅगझिन रायफलीत नीट अडकावे म्हणून स्प्रिंगमध्ये थोडी जागा सोडावीच लागते, पण ती जागा सैल झाली तर दहाच्या मॅगझिनात जोर लावून अकरावे शिरते, आणि वेष्टनावर काय छापले आहे याला मग काही अर्थ उरत नाही. म्हणून प्रत्येक खेपेतली काही मॅगझिने आम्ही निर्जीव सराव-काडतुसांनी भरून पाहतो. दहावे सहज जायला हवे, अकराव्याला अंगठ्याने कितीही दाबले तरी ते बाहेरच राहायला हवे, आणि दहांसह मॅगझिन बंद बोल्टखाली एका थापेत बसायला हवे. या तिन्ही अटी एकत्र पाळणारे उत्पादन, खरे सांगायचे तर, मला वाटले होते त्याहून कमी निघाले.

जाड काडतुसांची गुंतागुंत वेगळीच. .४५८ सोकॉम या जाड काडतुसाची दहा नगे घेणारे मॅगझिन प्रत्यक्षात ५.५६ या नेहमीच्या बारीक काडतुसाच्या तिसाचाच सांगाडा असते, त्यामुळे त्यावर दहा लिहिले आहे एवढ्यावर विसंबून ते मर्यादेच्या राज्यात पाठवणे आम्हाला पटत नाही. .३०० ब्लॅकआउट या काडतुसाला ५.५६ चेच मॅगझिन चालते, काडतुसांची संख्याही तीच भरते. तेथे धोका कायद्याचा नसून छातीत धडकी भरवणारा आहे, कारण ते काडतूस चुकून ५.५६ च्या रायफलीच्या नळीत गेले तर रायफल फुटू शकते. अशा गिऱ्हाइकाला आम्ही मॅगझिनवर लावायचे रंगीत रबरी पट्टे फुकट देतो.

मर्यादा ठरली की मग निवड कामावरून होते. बाकावर रायफल टेकवून किंवा पालथे पडून नेमबाजी करणाऱ्याला आखूड, खरोखरच दहाच्या मापाचे मॅगझिन बरे, कारण ते जमिनीला लागत नाही. हातमोजे घालून थंडीत हाताळणाऱ्याला लांब सांगाड्याचे, आतून दहावर अडवलेले बरे पडते. न्यूयॉर्कमध्ये (रिमफायर सोडून) स्वयंभरण, म्हणजे पुढचे काडतूस आपोआप भरणाऱ्या रायफलीने शिकार करायची तर मॅगझिन आणि झाडण्याची नळी मिळून सहापेक्षा जास्त काडतुसे मावता कामा नयेत, म्हणून तिकडच्या शिकाऱ्याला आम्ही दहाचे दाखवतच नाही, पाचाचेच देतो.

२०१९ मध्ये वडील येथे आले होते. त्यांनी दुकानातले धातूचे एक मॅगझिन उचलले, वरच्या कडांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "अरे, याचा एक ओठ वाकलाय. पाचव्या-सहाव्याला अडकेल बघ." सराव-काडतुसे भरून पाहिली, तर ते चौथ्यालाच अडकले. तेव्हापासून अकराव्या काडतुसाच्या आधी ओठांवरून अंगठा फिरवण्याचे काम पत्नीने स्वतःकडे घेतले आहे, आणि तिच्या हातून परत गेलेल्या मालाची नोंद बिलाच्या त्याच पुस्तकात शेवटच्या पानांवर होते.