आधी हिशेब!

आमच्या इंग्रजीच्या बाईंना रसग्रहण वगैरे फारसं रुचत नसे. कवीचं नाव फळ्यावर आलं की पहिला प्रश्न ठरलेला, "याला पैसे किती मिळाले?" मिल्टनचे 'पॅरडाइज लॉस्ट'चे, १६६७ साली, रोख पाच पौंड, तेराशे प्रती खपल्यावर आणखी पाच. दृष्टी गेलेल्या माणसानं तोंडानं सांगून लिहवून घेतलेलं महाकाव्य! मागच्या बाकावरून कुणीतरी "बाई, एवढ्यात काय भागतं?" म्हणायचं, आणि बाईंना नेमकं तेच हवं असायचं.

कोशकार सॅम्युअल जॉन्सनवर त्यांचा फार जीव. त्याच्या इंग्रजी शब्दकोशासाठी प्रकाशकांनी दीड हजार गिनी कबूल केल्या, पण मदतनिसांचा पगारही त्यातूनच भागवायचा. आश्रयासाठी लॉर्ड चेस्टरफील्ड या उमरावाच्या दारी गेला, तर बाहेर ताटकळत बसावं लागलं. १७५५ मध्ये कोश निघायच्या बेतात आला, तोवर लॉर्डसाहेबांनी छापून कौतुक आरंभलं होतं. त्यावर जॉन्सननं धाडलेलं पत्र बाई ठसक्यात सांगायच्या: माणूस बुडत असताना काठावरून थंडपणे बघायचं आणि तो किनाऱ्याला लागल्यावर मदतीची अडगळ करायची, यालाच आश्रयदाता म्हणतात का?

पुढे कॉलेजात 'रिस्टोरेशन', 'ऑगस्टन', 'रोमँटिक' असे इंग्रजी साहित्याच्या कालखंडांचे कप्पे पाडलेल्या नोट्स मिळाल्या. माझ्या डोक्यात मात्र तो काळ बाईंनी लावून दिला तसाच राहिला. लेखक आधी उमरावाच्या दारात उभा, मग प्रकाशकाच्या दुकानात, शेवटी अनोळखी वाचकांच्या भरवशावर. त्या वाचकांचाही काय नेम! १८१४ साली बायरनच्या 'द कोर्सेअर'च्या दहा हजार प्रती पहिल्याच दिवशी खपल्या. किट्सची पुस्तकं पडून राहिली आणि तो १८२१ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, रोममध्ये वारला. वर्ड्‌स्वर्थबद्दल बाईंचा सल्ला एवढाच, "निसर्गप्रेम लिहा, परीक्षकाला बरं वाटतं."

सगळ्यात रंगायच्या त्या जेन ऑस्टेनवर. १८०३ साली तिची एक कादंबरी दहा पौंडांना विकली गेली, पण प्रकाशकानं ती छापलीच नाही. १८१६ मध्ये तिच्या भावानं तेच दहा पौंड मोजून हस्तलिखित सोडवून आणलं. घरच्यांच्या आठवणीप्रमाणे, व्यवहार पुरा झाल्यावरच त्यानं सांगितलं, की ही 'प्राइड अँड प्रेज्युडिस'च्या लेखिकेची कादंबरी. हे सांगताना बाई अशा हसायच्या, जणू मंडईतली घासाघीस त्यांनी स्वतःच जिंकली होती.