स्प्रिंग ब्यूटी आणि तणनाशकाची ऑर्डर

मी व्हर्जिनियात एका काउंटीच्या पार्क्स विभागात आहे, रानटी झाडं-फुलं सांभाळायचं काम. एप्रिलमधला एक दिवस डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहितेय. कंप्लेंट होती की एका पार्कच्या लॉनमध्ये तण माजलंय, त्यावर माश्या येतात, पोरं तिथे अनवाणी खेळतात, फवारा मारा. आमच्या सिस्टीममध्ये यासाठी 'तण' एवढाच रकाना, तो निवडला की ऑर्डर थेट कॉन्ट्रॅक्टरकडे जाते, मध्ये कोणीतरी जाऊन बघायला हवं हे कोणाच्या गावीही नाही.

मी पोचले तेव्हा फवारणीवाला पाइप सोडवत होता. आभाळ भरून आलेलं. इथे रानफुलं आहेत म्हटलं तर मला म्हणाला, फुलं कुठेयत, सगळं गवतच तर आहे. त्याचं काही चुकत नव्हतं, कारण स्प्रिंग ब्यूटी (क्लेटोनिया व्हर्जिनिका) या रानफुलाचं पान लांब, चिंचोळं, गवतात मिसळून जाणारं, आणि ढग असले की फूल मिटलेलं असतं. मी खाली बसून एक काडी वेगळी करून दाखवली, समोरासमोर दोन पानं, वर माना टाकलेल्या कळ्या. दिसायला गवत, पण आहे द्विदल, आपल्या घोळाच्या भाजीच्या कुळातच धरायचे हिला पूर्वी. म्हणजे टू-फोर-डी, गवत सोडून द्विदल तेवढी मारणारं तणनाशक, फवारलं की गवत शाबूत आणि ही मरणार. तो लायसन्सवाला माणूस, त्याला लगेच कळलं, आणि ऑर्डर हातात असूनही तो थांबला याचं मला फार कौतुक वाटतं. पण ऑर्डर रद्द करायचा अधिकार ना त्याला ना मला. बॉसला फोन लावला आणि दोघं वाट बघत बसलो.

तेवढ्यात ऊन आलं आणि लॉन हळूहळू फिकट गुलाबी व्हायला लागलं. जेमतेम नखाएवढं फूल, पाच पांढऱ्या पाकळ्या, प्रत्येकीवर बारीक गुलाबी रेघा, परागकोशही गुलाबी. मग माश्या आल्या. ॲन्ड्रीना एरिजेनिई नावाची ही छोटी मधमाशी जमिनीत एकेकटी बीळ करून राहते आणि पिल्लांसाठी पराग मुख्यतः याच फुलाचे नेते, तिच्या मागच्या पायांवर गुलाबी परागाचा थर स्पष्ट दिसत होता. बॉस आला, पाच मिनिटं नुसता बघत उभा राहिला आणि तिथूनच फोन करून ऑर्डर रद्द केली.

कंप्लेंट करणाऱ्या बाई पण मुलीला घेऊन आल्या होत्या. मी सांगितलं की ही स्प्रिंग ब्यूटीवरची माशी, पोळं नाही त्यामुळे राखायला अंगावर येत नाही, हातात दाबली तरच चावेल. बाईंनी वाकून नीट बघितलं, फोटो काढले, म्हणाल्या राहू द्या मग. लोक वाईट नसतात हो, त्यांना दाखवायला कोणी जात नाही.

खरी अडचण पुढेच आहे. फूल गेल्यावरही पानं काही आठवडे हिरवी राहायला हवीत, त्यातूनच जमिनीतला कंद भरतो आणि पुढच्या वसंतात झाड वर येतं, जूनपर्यंत सगळं आपोआप सुकून जातं. आणि आमचं मोइंगचं, म्हणजे गवत कापायचं, कॉन्ट्रॅक्ट कॅलेंडरवर चालतं, जमिनीत काय चाललंय याच्याशी त्याचा काही संबंध नाही. तेवढा पट्टा जूनपर्यंत कापू नका म्हणून मी फोटो जोडून मेल टाकलाय, कडेने झेंडे लावलेत, बॉसचाही पाठिंबा आहे. वरून उत्तर आलं की तारखा बदलायच्या तर कॉन्ट्रॅक्ट दुरुस्त करावं लागेल, बघू. मोवर गुरुवारी येणारेय. मी सकाळीच तिथे जाऊन थांबणार आहे.